पेटीतला कागद आणि वाचणारी माणसे : मोडी, ब्रेल, युनिकोड व आपण (धाराशिवहून एक दीर्घ धागा)

१/ इतिहासाचे साधन दोन प्रकारांनी नष्ट होते. कागद जळतो, भिजतो, त्याला वाळवी लागते. हा पहिला प्रकार. कागद शाबूत राहतो, परंतु तो वाचणारे माणूस उरत नाही, हा दुसरा. पहिल्याची बातमी होते, दुसऱ्याची होत नाही. आजचा धागा या दुसऱ्या प्रकाराविषयी, आणि तो रोखण्यासाठी काही थोड्या माणसांनी स्वतःहून केलेल्या कामांविषयी आहे. शेवटी आपल्यापैकी कोणालाही घरच्या संगणकावर हाती घेता येतील असे सहा प्रकल्प सुचवले आहेत. धागा मोठा आहे, सवडीने वाचावा.

२/ आरंभ घरापासून करते. कळंब तालुक्यातील आमच्या घरी पत्र्याची एक पेटी आहे. तीत पणजोबांच्या काळचा एक कागद निघाला. पुढच्या बाजूस मोडी, मागच्या बाजूस उर्दूतील दोन ओळींचा शेरा. आजोबा निजामी राजवटीत उर्दू माध्यमातून सातवीपर्यंत शिकलेले. पण काचबिंदूने त्यांची दृष्टी गेलेली. मी इतिहासाची पदव्युत्तर विद्यार्थिनी. पण तेव्हा मला मोडी येत नव्हती आणि उर्दूचे एक अक्षरही ओळखता येत नव्हते. त्यांच्यापाशी लिपी होती, डोळे नव्हते. माझ्यापाशी डोळे होते, लिपी नव्हती. कागद दोघांच्या मध्ये मुका पडून होता.

३/ मग मी त्या शेऱ्यातील अक्षरांचे आकार आजोबांच्या तळहातावर बोटाने गिरवू लागले. पहिल्या ओळीचा काही अर्थ लागेना. थोड्या वेळाने ते म्हणाले, "अगं, उजवीकडून ये की!" मी सवयीने डावीकडून निघाले होते. उजवीकडून गिरवत गेल्यावर शेवटचे दोन शब्द त्यांनी ओळखले : 'दाखिल दफ्तर'. म्हणजे कागद दप्तरी जमा झाला, काम संपले. तो जमा झाला खरा. पण वाचता येणाऱ्यांच्या जगातून तो पुढे कधी बाहेर पडला, हे आमच्या घरात कोणाच्या लक्षातही आले नव्हते.

४/ एकाच कागदावर दोन लिप्या का? याचे उत्तर जिल्ह्याच्या इतिहासात आहे. आजचा धाराशिव जिल्हा पूर्वी नळदुर्ग जिल्हा म्हणून ओळखला जाई आणि हैदराबाद संस्थानात होता. १८५३ च्या तहान्वये वऱ्हाड व रायचूर दोआबाबरोबर हा मुलूखही इंग्रजांच्या ताब्यात गेला. आरंभीची काही वर्षे येथील कारभार कॅप्टन मेडोज टेलर पाहत होता. ठगांवरील कादंबरीमुळे आपण त्याला ओळखतो. १८६० मध्ये मुलूख निजामाकडे परत आला. पुढे शेवटचा निजाम मीर उस्मान अली खान याच्यावरून जिल्ह्यास 'उस्मानाबाद' हे नाव पडले. २०२३ मध्ये ते अधिकृतपणे पुन्हा 'धाराशिव' झाले.

५/ संस्थानाची दरबारी भाषा आधी फारसी होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिची जागा उर्दूने घेतली. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात तर उच्च शिक्षणाचे माध्यमच उर्दू होते. इकडे गावचा कुलकर्णी मात्र आपला हिशेब मोडीतच लिही. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. शिक्षण मराठीत आले, ही मोठी प्राप्ती होती. परंतु त्याच पिढीत आपल्या घरांतील जुन्या कागदांच्या दोन्ही लिप्या परक्या झाल्या. नातवाला आजोबांची उर्दू येईना आणि पणजोबांची मोडी येईना.

६/ मोडी मुळात अवघड नाही. ती घाईची लिपी आहे. ओळीची आडवी रेघ आधी पूर्ण आखून घ्यायची आणि मग हात शक्य तितका कमी उचलत तिला अक्षरे लटकवीत जायचे. शब्दांमध्ये मोकळी जागा नाही, विरामचिन्हे नाहीत. इकार व उकार यांत ऱ्हस्व-दीर्घ भेद बहुधा पाळलेला नसतो. त्यामुळे 'दिन' आणि 'दीन' सारखेच दिसतात. नेहमीचे शब्द संक्षेपाने लिहिलेले असतात. लेखकाच्या वेळेची ही बचत वाचकाकडून वसूल होते. संदर्भ ठाऊक असलेल्या कारकुनाला ती सोपी वाटे. आपल्याला तो संदर्भच आधी शिकावा लागतो.

७/ मोडी कधी छापलीच गेली नाही, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. बंगालमधील श्रीरामपूर येथे विल्यम केरी या मिशनऱ्याने पंडित वैजनाथ शर्मा यांच्या साहाय्याने मराठीचा अभ्यास केला. १८०५ मध्ये त्याचे मराठी व्याकरण निघाले आणि १८१० मध्ये मराठी-इंग्रजी कोश. कोशातील मराठी शब्द मोडी खिळ्यांनी छापलेले आहेत. पुढे मात्र छापखान्यांनी बाळबोध, म्हणजे देवनागरी, पत्करली. मोडी हस्ताक्षरापुरती उरली आणि विसाव्या शतकाच्या मध्यानंतर शाळांतूनही गेली. छापखान्याने ज्या लिपीचा हात सोडला, तिचे वाचक हळूहळू घटत गेले. ही गोष्ट लक्षात ठेवा. संगणकाच्या काळात ती पुन्हा येणार आहे.

८/ वाचक घटत असताना कागद वाचवायला कोण पुढे आले? विश्वनाथ काशिनाथ राजवाडे. कोणत्याही दरबाराचा आश्रय नसताना ते गावोगाव हिंडले, वाड्यांतील रुमाल सोडले, मोडी कागदांच्या नकला केल्या. १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड निघाला. माला २२ खंडांपर्यंत गेली. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली, तीतही तेच पुढे होते. त्यांची मते पुष्कळदा वादग्रस्त ठरली. पण ज्या कागदांवरून ती मते बनली, ते कागद त्यांनी देवनागरीत छापून सर्वांसमोर ठेवले. म्हणूनच त्यांच्याशी साधार वाद घालता आला.

९/ हे सारे जुन्या माणसांचे छंद नव्हेत, याचा प्रत्यय २०२३ मध्ये आला. मराठवाड्यातील निजामकालीन कुणबी नोंदी शोधण्यासाठी राज्य शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तालुक्या-तालुक्यांतील अभिलेख कक्ष उघडले गेले आणि मोडी व उर्दू वाचणाऱ्यांचा शोध सुरू झाला. आरक्षणाच्या वादातील बाजूंविषयी हा धागा नाही. मुद्दा एवढाच की एका ओळीच्या नोंदीवर मुलाचा शालेय प्रवेश किंवा नोकरी अवलंबून असू शकते, आणि ती ओळ वाचायला घरातले कोणीही पुरे पडत नाही. वाचता येणे हा तेव्हा हक्काचा प्रश्न होतो.

१०/ आता आजोबांच्या तळहाताकडे परत येऊ, कारण स्पर्शाने वाचणे हीदेखील एक लिपीच आहे. पॅरिसच्या अंधशाळेतील लुई ब्रेल याने १८२४ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, सहा टिंबांची पद्धत सिद्ध केली. तिच्या आधी चार्ल्स बार्बिए याची बारा टिंबांची पद्धत होती. पण एवढी टिंबे एका बोटाखाली मावत नसत. हा दोष डोळसाला सहज कळला नसता. बोटाने वाचणाऱ्या मुलाला तो कळला. ब्रेलची पद्धत १८२९ मध्ये प्रसिद्ध झाली. फ्रान्सने मात्र ती अधिकृतपणे स्वीकारली १८५४ मध्ये, ब्रेलच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी.

११/ भारतात ब्रेल आली तेव्हा निराळाच गोंधळ झाला. निरनिराळ्या शाळांनी आणि मिशनांनी भारतीय भाषांसाठी आपापले संकेत बनवले. एका ठिकाणी शिकलेले दुसऱ्या ठिकाणी कुचकामी ठरे. अनेक वर्षांच्या चर्चेनंतर १९५१ मध्ये 'भारती ब्रेल' ही समान पद्धत ठरली. तिचे तत्त्व सुंदर आहे : टिंबे लिपीच्या आकाराला दिलेली नाहीत, ध्वनीला दिलेली आहेत. मराठीतील 'क', कन्नडमधील 'क' आणि तेलुगूमधील 'क' यांची टिंबे एकच, १ आणि ३. उमरग्याच्या सीमेवर डोळसाला पाटी वाचताना लिपी बदलावी लागते. ब्रेल वाचणाऱ्याला अक्षरे नव्याने शिकावी लागत नाहीत.

१२/ 'मराठी' हा शब्द भारती ब्रेलमध्ये असा होतो : म (१-३-४), र (१-२-३-५), आ (३-४-५), ठ (२-४-५-६), ई (३-५). काना आणि वेलांटी यांना वेगळी चिन्हे नाहीत. स्वर उच्चाराच्या क्रमाने ओळीत येतो. जोडाक्षरात हलन्ताचे टिंब व्यंजनाच्या आधी येते, कारण बोटाला पुढची सूचना अगोदर मिळायला हवी. मोडीने लिहिणाऱ्याच्या हाताची सोय पाहिली, भारती ब्रेलने वाचणाऱ्याच्या बोटाची. लिपी कोणाच्या सोयीची आहे, हा प्रश्न प्रत्येक लेखनपद्धतीला विचारून पाहावा. पुष्कळ इतिहास त्यातूनच उलगडतो.

१३/ हाच प्रश्न संगणकाला विचारू. १९९१ मध्ये भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हे मानक निश्चित झाले. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली. तिच्यातील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवर आधारलेली होती. पण देवनागरी हिंदीचीही आहे आणि मराठीचीही. मराठीच्या काही गरजा निराळ्या. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांतील फरक आपल्याला जन्मजात कळतो. संगणकाला तो शिकवावा लागला. 'ॲ' हे अक्षर तर युनिकोडमध्ये २००८ साली आले. तोवर लोक 'अ' वर चंद्र चढवून काम भागवत. दोन्ही रूपे डोळ्यांना जवळपास सारखी दिसतात, संगणकाला वेगळी वाटतात. म्हणून एक लिहून शोधले तर दुसरे सापडेलच असे नाही.

१४/ याहून मोठी हानी दुसरीकडे झाली. १९९० च्या दशकात मराठी छपाई संगणकावर आली ती युनिकोडपूर्व फॉन्टांतून. त्यांत 'क' हे अक्षर 'क' म्हणून साठवलेलेच नसे. आत एखादे इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह असे आणि फॉन्ट त्यावर 'क' चा मुखवटा चढवी. तो फॉन्ट संगणकात नसेल तर साऱ्या पानावर निरर्थक चिन्हे दिसतात. पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच्या कितीतरी स्मरणिका, दिवाळी अंक आणि प्रबंध आज अशा फाइलींत अडकले आहेत. मोडीचे वाचक संपायला काही पिढ्या लागल्या. येथे एक पिढीही लागली नाही.

१५/ अंध वाचकासाठी तर हा मुखवटा म्हणजे भिंतच. पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचणारा स्क्रीन रीडर आतली साठवण वाचतो, वरचा मुखवटा नाही. छायाचित्ररूप पीडीएफचेही तेच. आपण अभिमानाने 'दुर्मिळ ग्रंथ उपलब्ध' म्हणून जे स्कॅन एकमेकांना पाठवतो, त्यांतील एक शब्दही स्क्रीन रीडर स्वतःहून वाचू शकत नाही. त्याच्या दृष्टीने ते केवळ चित्र. ज्याला आपण मुक्त म्हणतो, ते कोणासाठी मुक्त आहे, याचा विचार आपण इतिहासप्रेमींनी फारसा केलेला नाही. मीही आजोबांच्या प्रसंगापर्यंत केला नव्हता.

१६/ या भिंतीला दारे पाडणारी माणसे कोण होती, पाहा. ऑस्ट्रेलियातील मायकेल करन आणि जेम्स टेह या दोन अंध प्रोग्रामरांनी २००६ मध्ये 'एनव्हीडीए' हा विनामूल्य स्क्रीन रीडर सुरू केला. तोवरचे प्रमुख स्क्रीन रीडर बहुतेकांच्या आवाक्याबाहेरच्या किमतीला विकले जात. जोनाथन डडिंग्टन याने स्वतःच्या हौसेतून बनवलेला 'ईस्पीक' हा बोलका प्रोग्राम पुढे इतरांनी वाढवला. आज तो मराठीही बोलतो. मजकुराचे ब्रेलमध्ये रूपांतर करणारे 'लिबलुई' उभारण्यात जॉन बॉयर यांचा मोठा वाटा होता; त्यांना दृष्टीही नव्हती आणि श्रवणशक्तीही नव्हती. लिबलुईमध्ये मराठीचा तक्ता आहे.

१७/ आणि मोडी? २०११ मध्ये अंशुमन पांडे यांनी मोडीला युनिकोडमध्ये स्थान देण्याचा सविस्तर प्रस्ताव मांडला. ते तेव्हा मिशिगन विद्यापीठाच्या इतिहास विभागात होते. मी हे मुद्दाम सांगते आहे, कारण 'आम्ही इतिहासाचे विद्यार्थी, आम्हाला संगणकाचे काय' असे आपण सहज म्हणतो. जून २०१४ मध्ये युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत मोडीचा समावेश झाला. 'नोटो सान्स मोडी' हा मुक्त फॉन्टही उपलब्ध आहे. छापखान्याने सोडलेला हात दोनशे वर्षांनी संगणकाने पुन्हा धरला. आता मोडीतील मजकूर चित्र म्हणून नव्हे, मोडी म्हणूनच साठवता येतो, शोधता येतो.

१८/ या सर्व उदाहरणांत एक समान धागा आहे. काम लहान प्रमाणावर सुरू झाले आणि उघडे ठेवले गेले. मुक्तस्रोत सॉफ्टवेअर म्हणजे केवळ फुकट सॉफ्टवेअर नव्हे. त्याची घडण कोणीही पाहावी, दुरुस्त करावी, पुढे द्यावी, अशी लेखी मुभा परवान्यात असते. राजवाड्यांनी साधने छापली तेव्हा त्यांच्या हातून काही वेगळे घडले नाही : ज्यावरून मी निष्कर्ष काढला ते हे, तुम्हीही तपासा. कर्त्याच्या पश्चातही काम पुढे जाते ते याच कारणाने. कुलूपबंद कपाटातील उत्तम लिप्यंतर आणि न वाचलेला कागद यांत वाचकाच्या दृष्टीने काहीच अंतर नाही.

१९/ प्रकल्पांकडे वळण्याआधी आपल्या बोलीविषयी एक नोंद. ग्रिअर्सनच्या 'भारतीय भाषा सर्वेक्षणा'चा मराठीविषयक सातवा खंड १९०५ मध्ये निघाला. पण मद्रास व ब्रह्मदेश हे प्रांत आणि हैदराबाद व म्हैसूर ही संस्थाने या सर्वेक्षणाच्या कक्षेबाहेर होती. धाराशिव तेव्हा हैदराबादेत; म्हणजे केवळ राजकीय सीमेमुळे आपल्या भागातील मराठी त्या पाहणीच्या बाहेर राहिली. अलीकडे राज्य मराठी विकास संस्था आणि डेक्कन महाविद्यालय यांच्या बोली-सर्वेक्षणाने ही उणीव भरून काढण्याचे काम केले आहे. आता यंत्रे आवाज ऐकून शिकतात. त्यांच्या कानावर कोणती मराठी पडते, हे पुन्हा नोंद करणाऱ्यांवरच अवलंबून आहे.

२०/ प्रकल्प पहिला : ओळखीच्या शब्दांतून उर्दू लिपी. दाखला, नक्कल, हुकूम, वसूल, तालुका, शेरा... हे शब्द आपण रोज बोलतो. फारसी-अरबीतून आलेले हेच शब्द जुन्या उर्दू कागदांत आहेत. भाषा निम्मी ओळखीची, अडसर फक्त लिपीचा. 'अंकी' हा मुक्तस्रोत कार्यक्रम उजळणीसाठी उत्तम आहे. एका बाजूस उर्दू लिपीतील शब्द, दुसऱ्या बाजूस देवनागरी आणि उच्चाराचे ध्वनिमुद्रण, अशी शंभर पत्ती बनवा. ध्वनिमुद्रण वगळू नका. त्यामुळे ती पत्ती न पाहता येणाऱ्यालाही उपयोगी पडतात.

२१/ प्रकल्प दुसरा : मोडीच्या ओळींच्या जोड्या. हस्तलिखित मोडी वाचायला यंत्राला शिकवायचे, तर ओळीचे चित्र आणि तिचे अचूक वाचन अशा जोड्या पुष्कळ लागतात. आपल्या घरच्या दहा कागदांपासून आरंभ करा. प्रत्येक ओळीचे दोन पाठ ठेवा : पहिला कागदावर जसे आहे तसा, दुसरा शब्द तोडून व ऱ्हस्व-दीर्घ सुधारून. दोन्हींची सरमिसळ केली, तर मूळ काय आणि आपली दुरुस्ती कोणती, हे पुढच्याला कळणार नाही. शंका असेल तेथे तशी खूण करा. राजवाड्यांपासून आपण शिकायचे ते हेच.

२२/ प्रकल्प तिसरा : सन बदलून देणारे छोटे साधन. निजामी कागदांवर फसली सन असतो; त्यात अदमासे ५९० मिळवले की इसवी सन येतो. फसली १३५७ चा आरंभ १९४७ च्या ऑक्टोबरमधला. मराठेशाहीच्या कागदांवर शुहूर सन असतो. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवावे लागतात. तोही अंकांत नसून बहुधा अरबी संख्याशब्दांत. प्रोग्रामिंग नुकतेच शिकणाऱ्यालाही जमेल असे हे काम आहे. महिन्याप्रमाणे वर्ष एकाने पुढेमागे होते, तेथे उत्तर एकाऐवजी दोन वर्षांचे दाखवावे. खोटी नेमकेपणाची हमी देऊ नये.

२३/ प्रकल्प चौथा : चित्राचा मजकूर करणे. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी त्याचे लेखन प्रताधिकारमुक्त होते. अशी जुनी मराठी पुस्तके विकिस्रोतावर पानापानाने तपासली जातात. 'टेसरॅक्ट' हा मुक्त ओसीआर कार्यक्रम मराठी छापील मजकूर बराचसा ओळखतो. चुका माणसाने सुधारायच्या. रोज एक पान तपासले तरी वर्षात एक मोठा ग्रंथ स्क्रीन रीडरला वाचण्याजोगा होतो. प्रताधिकार असलेल्या पुस्तकांबाबतही, अपंग वाचकांसाठी सुलभ प्रत करण्यास २०१२ च्या दुरुस्तीने कायद्यात वाव दिला आहे. याच विषयावरील २०१३ च्या मराकेश कराराला मान्यता देणारा पहिला देश भारत होता.

२४/ प्रकल्प पाचवा : किल्ल्यांचे शब्दचित्र. नळदुर्ग आणि परांडा यांची शेकडो छायाचित्रे आपण टाकतो. त्यांना पर्यायी मजकूर किती जण जोडतात? 'नळदुर्ग, पावसाळा' एवढ्याने काही दिसत नाही. 'बोरी नदीवरील दगडी बंधाऱ्याच्या भिंतीतच बांधलेला पाणी महाल. भिंतीवरून पाणी दोन धारांनी खाली पडते आहे' असे लिहिले, तर न पाहणाऱ्याला दृश्य मिळते. आणि लिहिताना पाहणाऱ्यालाही वास्तूकडे पुन्हा नीट पाहावे लागते. मला तर वास्तुवर्णनाचा याहून चांगला सराव ठाऊक नाही.

२५/ प्रकल्प सहावा : आवाज. मोझिलाच्या 'कॉमन व्हॉइस' या मुक्त संग्रहात मराठी आहे. तेथे दिलेली वाक्ये वाचून आपला आवाज देता येतो. त्यासोबत आपल्या गावातील वडीलधाऱ्यांची बोली, त्यांच्या पूर्ण संमतीने, स्वतंत्रपणे ध्वनिमुद्रित करा. भूम-परांड्याकडचे बोलणे आणि उमरगा-लोहाऱ्याकडचे बोलणे यांतील फरक कानाला कळतो. तो लिहून ठेवा. आणि ज्यांना ब्रेल येते अशा मित्राबरोबर बसून लिबलुईचा मराठी तक्ता जोडाक्षरे कशी हाताळतो, ते तपासा. चूक सापडली तर उदाहरणासह कळवा. नेमकी सांगितलेली चूक हेही योगदानच आहे.

२६/ एक इशारा आवश्यक आहे. जुने कागद म्हणजे जिवंत माणसांचेही कागद. त्यांत जात, जमीन, कर्ज, भाऊबंदकी असते. दुसऱ्याच्या घरचा कागद विचारल्याशिवाय जालावर टाकू नये. परवानगी मिळाली तरी नावे झाकता येतात का, ते पाहावे. आणि ज्या नोंदीवर कोणाचा हक्क ठरणार असेल, तेथे यंत्राचे किंवा नवशिक्याचे वाचन अंतिम मानू नये. 'दिन' आणि 'दीन' एकच दिसणाऱ्या लिपीत संशयाला जागा ठेवणे, हाच प्रामाणिकपणा.

२७/ पेटीतला कागद काय होता, ते सांगून थांबते. चार महिने मोडी गिरवल्यावर मला पुढची बाजू लागली. पणजोबांनी उसनी घेतलेली दोन मण ज्वारी परत केल्याची ती पावती होती. राजकीय इतिहासाला तिचा काही उपयोग नाही. आजोबांना मी ती ओळीने वाचून दाखवली. त्यांनी ती पुन्हा वाचायला लावली आणि म्हणाले, "फेडली म्हण की. आम्हाला वाटायचं, राहिली." सत्तर वर्षे एका घराने मनात बाळगलेले ओझे त्या कागदावर केव्हाच फेडलेले होते, फक्त ते वाचणारे कोणी नव्हते.

२८/ आपल्या घरीही अशी पेटी असेल. पुढच्या सुट्टीत ती उघडा, कागदाचे स्वच्छ उजेडात छायाचित्र घ्या, घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीजवळ बसा आणि वरच्या सहांपैकी एक काम निवडा. एकच. कोणते निवडले ते खाली लिहा. मोडीच्या ओळींत अडलात तर त्याही विचारा, सर्वांनी मिळून लावू. माझी उर्दूची पहिली शंभर पत्ती तयार आहेत. हवी असतील त्यांनी सांगावे, मुक्त परवान्यासह देईन.

धागा समाप्त.